लाज वाटण्याइतकं प्रेम

२९ मार्च १९१९ रोजी पॅरिसमध्ये एका खून खटल्याचा निकाल लागला. आरोपीचं नाव राउल व्हिलँ. ३१ जुलै १९१४ च्या रात्री त्याने एका कॅफेच्या खिडकीतून, आत जेवायला बसलेल्या झाँ जोरेस यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. जोरेस हे फ्रान्सचे समाजवादी नेते. युरोपभर सैन्याची जमवाजमव सुरू झाली होती, तरी युद्ध टळावं म्हणून ते अगदी शेवटच्या दिवसापर्यंत धडपडत होते. खून कुणी केला याबद्दल वाद नव्हताच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो झाला होता. तरीही ज्यूरीने व्हिलँला सोडून दिलं. त्याने जे केलं ते देशप्रेमाच्या भरात केलं, हा बचाव चालून गेला. युद्ध जिंकून जेमतेम साडेचार महिने झाले होते आणि युद्धाला विरोध करणाऱ्याची बाजू ऐकून घेण्याची कुणाची तयारी नव्हती. खटल्याचा खर्च जोरेस यांच्या विधवा पत्नीच्या माथी मारला गेला.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९२४ मध्ये, त्याच फ्रान्सने जोरेस यांचे अवशेष मोठ्या मिरवणुकीने पाँतेओंमध्ये, देशातल्या थोरामोठ्यांच्या समाधिस्थळी, नेऊन ठेवले.

देशप्रेम चांगलं की घातक, असा वाद निघाला की मला ही दोन दृश्यं आठवतात. खुनी देशप्रेमी ठरला आणि ज्याचा खून झाला तोही देशप्रेमीच ठरला. शब्द एकच. मग हा शब्द नुसता चांगला किंवा नुसता वाईट कसा म्हणायचा? आणि ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असं म्हणून सुटताही येत नाही, कारण एका बाजूच्या हातात पिस्तूल होतं.

माझं म्हणणं मांडायला मराठीतला एक जुना शब्द मला फार उपयोगी पडतो. तो शब्द म्हणजे लाज. आपल्या भाषेत हा शब्द दोन उलट दिशांना चालतो. लाज वाटते तेव्हा ती आतून जाळते आणि माणसाला काहीतरी कबूल करायला लावते. लाज राखायची असते तेव्हा मात्र काहीतरी झाकायचं असतं. देशाच्या नावाने बोलणाऱ्यांचे हे दोन गट मला प्रत्येक काळात आणि प्रत्येक देशात दिसतात. एक गट म्हणतो, जगासमोर देशाची लाज राखा. दुसरा म्हणतो, देशाने हे केलं याची मला लाज वाटते. दोघंही प्रेमाचाच हवाला देतात. देशप्रेम तारक आहे की मारक, हे त्या प्रेमात लाज वाटायला जागा आहे की नाही यावर ठरतं, असं मला ठामपणे वाटतं. आणि स्वातंत्र्याचं रक्षण म्हणजे काय, तर इतर अनेक गोष्टींबरोबर, ही लाज मोठ्याने बोलून दाखवण्याच्या हक्काचं रक्षण.

लाज राखण्याचा धडा फ्रान्सनेच जगाला नीट शिकवला आहे. १८९४ मध्ये आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला जर्मनीला गुपितं पुरवल्याच्या आरोपावरून लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलं. बचाव पक्षाला न दाखवलेली गुप्त कागदपत्रं न्यायाधीशांच्या हाती देण्यात आली होती. ड्रेफसला डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर धाडलं गेलं. १८९६ मध्ये लष्करी गुप्तवार्ता विभागाचा नवा प्रमुख जॉर्ज पिकार याच्या लक्षात आलं, की ज्या कागदावरून ड्रेफसला शिक्षा झाली त्यावरचं अक्षर एस्तेराझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याचं आहे. पिकार काही क्रांतिकारक नव्हता. ज्यूंविषयी त्या काळच्या अधिकारीवर्गात जे पूर्वग्रह होते, त्यांतून तोही सुटलेला नव्हता. पण हे गुपित मी थडग्यात घेऊन जाणार नाही, असं त्याने वरिष्ठांना सांगितलं. परिणाम व्हायचा तोच झाला. त्याला लांब ट्युनिशियात पाठवलं गेलं आणि पुढे तुरुंगातही टाकलं. एस्तेराझी मात्र जानेवारी १८९८ मध्ये निर्दोष सुटला.

वरिष्ठांचा युक्तिवाद आजही ओळखीचा वाटेल. सैन्याची अब्रू गेली तर देशाची जाईल, एका माणसासाठी एवढी किंमत कशाला? त्याच सुमारास पिकारचा सहकारी आंरी याने ड्रेफसविरुद्ध खोटा पुरावाच तयार केला होता. ऑगस्ट १८९८ मध्ये ते उघड झालं, त्याला अटक झाली आणि त्याने कोठडीत गळा चिरून घेतला. यानंतर जे घडलं ते मला सगळ्यात भयंकर वाटतं. बनावट कागद करणाऱ्या या माणसाला वर्तमानपत्रांतून देशभक्त म्हटलं गेलं आणि त्याच्या विधवेसाठी हजारो लोकांनी वर्गणी दिली. खोटेपणा उघडा पडला होता, लोकांना तो कळला होता आणि तरीही तो देशासाठी केला म्हणून पवित्र ठरला होता. ड्रेफस पूर्ण निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी पिकार फ्रान्सचा युद्धमंत्री झाला.

सैन्याची अब्रू शेवटी कुणी राखली? ज्याने सैन्याची चूक चव्हाट्यावर आणली त्यानेच ना?

आता दुसरी लाज. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सेलर विली ब्रांट वॉर्सामध्ये होते. ज्यू वस्तीतल्या उठावाच्या स्मारकाला त्यांनी पुष्पचक्र वाहिलं, फिती सारख्या केल्या, दोन पावलं मागे आले आणि ओल्या फरशीवर एकदम गुडघे टेकून बसले. कुणालाही याची कल्पना नव्हती. ब्रांट नाझी नव्हते. तरुणपणीच ते हिटलरच्या राजवटीतून निसटून नॉर्वेला गेले होते आणि तिथून त्यांनी तिच्याविरुद्ध काम केलं होतं. पुढे जर्मनीतल्या राजकारणात हाच परागंदा काळ त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. संकटात देश सोडून गेलेला माणूस, अशी त्यांची हेटाळणी होत असे. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी ते गुडघ्यांवर बसले त्यात त्यांचा काडीइतका हात नव्हता. तरी ते बसले. त्या वेळी घेतलेल्या जनमत चाचणीत जवळपास निम्म्या पश्चिम जर्मनांना ते अती वाटलं होतं.

ब्रांट यांना नेमकं काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. अपराधाची भावना ती नसणार, कारण अपराध त्यांचा नव्हता. परक्याच्या दुःखाने येणारी हळहळही नव्हे, त्यासाठी कुणी गुडघे टेकत नाही. ती लाज होती आणि ती फक्त आपल्या माणसांबद्दलच वाटू शकते. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला, ज्या संहारक अस्त्रांचं कारण पुढे केलं होतं ती कधी सापडलीच नाहीत, तेव्हा मला संताप आला होता. लाज वाटली नव्हती. वाटायचं कारणच नव्हतं, ते सरकार माझं नव्हतं. अनेक अमेरिकन माणसांना मात्र तेव्हा लाज वाटली, रस्त्यावर उतरण्याइतकी वाटली. संताप जगात कुणालाही कुणाबद्दलही येतो. लाज वाटायला नातं लागतं.

आणि म्हणूनच, देशप्रेम ही मुळातच घातक गोष्ट आहे असं मानणाऱ्यांशी माझं जुळत नाही. त्यांचा पक्ष लहान नाही. टॉलस्टॉय यांनी उतारवयात देशप्रेमाला युद्धांचं मूळच ठरवलं. माणूस कुठे जन्मतो हा योगायोग आहे, मग त्या योगायोगापायी एका बाजूच्या माणसांचा जीव जास्त मोलाचा आणि नदीपलीकडच्यांचा कमी, हे कोणत्या न्यायाने? या प्रश्नाला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही. १९१४ ते १९१८ दरम्यान खंदकांत मेलेल्या लाखो तरुणांपुढे कुठलंही उत्तर तोकडंच पडेल. पण सगळ्या जगावर सारखंच प्रेम करणारा माणूस एक गोष्ट करू शकत नाही. ब्रांट जिथे गुडघ्यांवर बसले तिथे तो बसू शकत नाही. तो निषेध करेल, अहवाल लिहील, मदत पाठवेल. हे सगळं हवंच आहे. पण एखाद्या देशाने केलेलं पाप त्या देशालाच उकरून काढायला लावायचं असेल, तर ‘हे आम्ही केलं’ असं म्हणणारी माणसं आतूनच लागतात. त्यातला ‘आम्ही’ देशप्रेमाशिवाय येत नाही. जोरेस यांनीच लिहून ठेवलं आहे, की थोडासा आंतरराष्ट्रीयवाद माणसाला मायदेशापासून दूर नेतो आणि पुष्कळसा त्याला परत आणतो. हे नुसतं चटकदार वाक्य नाही, त्यांचं आयुष्य त्याची साक्ष देतं.

तरीही प्रेम केव्हा कुठल्या वाटेला लागेल हे आधी ओळखता येतं का? १९८९ चा एक उन्हाळा घेऊ.

२८ जून १९८९. कोसोव्होमधल्या गाझीमेस्तानच्या माळावर लाखो सर्ब जमले होते. १३८९ मध्ये तिथे ऑटोमन सैन्याशी झालेल्या लढाईला ६०० वर्षं पूर्ण होत होती. सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोसेविच यांनी भाषण केलं. सर्ब माणसापुढे पुन्हा लढाया उभ्या आहेत, त्या शस्त्रांच्या नाहीत, पण तशाही होणारच नाहीत असं सांगता येत नाही, अशा आशयाचं ते बोलले. तीनच महिन्यांपूर्वी कोसोव्होची स्वायत्तता जवळपास काढून घेण्यात आली होती, त्यामुळे कोसोव्होतल्या अल्बेनियन बहुसंख्येला त्या बोलण्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढची सहा वर्षं युगोस्लाव्हिया कसा चिरफाळत गेला ते सगळ्यांना माहीत आहे. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात ८,००० च्या आसपास बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे ठार मारले गेले.

त्याच उन्हाळ्यात, २३ ऑगस्टला, तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तिन्ही बाल्टिक देशांतून सुमारे २० लाख माणसं रस्त्याकडेला येऊन उभी राहिली. टालिनपासून रिगावरून विल्नियसपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटर त्यांनी एकमेकांचे हात धरले. हिटलर आणि स्टालिन यांच्यातल्या अनाक्रमण कराराला त्या दिवशी ५० वर्षं होत होती. त्या कराराच्या गुप्त कलमांनी या छोट्या देशांची परस्पर वाटणी करून टाकली होती, आणि अशी कलमं अस्तित्वातच नाहीत, असं मॉस्को पन्नास वर्षं सांगत आलं होतं.

दोन्हीकडे झेंडे होते, गाणी होती, इतिहास होता, डोळ्यांत पाणी होतं. दूरदर्शनवरून पाहणाऱ्याला दोन्ही गर्दी सारख्याच वाटल्या असत्या. फरक मागणीत होता. गाझीमेस्तानची गर्दी सहा शतकांपूर्वीच्या पराभवाची भरपाई आज शेजारी राहणाऱ्या माणसांकडून मागत होती. बाल्टिक माणसं सत्तेकडून एक सत्य मागत होती. तो कागद आहे, एवढं कबूल करा. आणि डिसेंबर १९८९ मध्ये सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने खरोखरच ती गुप्त कलमं मान्य करून त्यांचा निषेध केला. एका महासत्तेने आपली लाज भर सभागृहात बोलून दाखवली. ती राखत बसली असती तर आणखी किती रक्त सांडलं असतं कोण जाणे.

पण इथे थांबलो तर मी बाल्टिक गर्दीला देव्हाऱ्यात बसवल्यासारखं होईल. स्वातंत्र्य मिळाल्यावर लिथुआनियाने तिथे राहणाऱ्या सगळ्यांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. एस्टोनिया आणि लाटव्हियाने मात्र सोव्हिएत काळात येऊन वसलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना ते आपोआप दिलं नाही. लाखो रशियनभाषक माणसं, त्यांतली पुष्कळशी तिथेच जन्मलेली, कुठल्याच देशाची नागरिक उरली नाहीत. त्या देशांची भीती मला समजते. ५० वर्षं दडपली गेलेली छोटी भाषा, शेजारी एवढा प्रचंड. तरीही काल हात धरून उभं राहिलेल्या माणसांनी आज दार लावून घेतलं, हे सांगितलंच पाहिजे. आणि दुसऱ्या बाजूला, ऑक्टोबर १९९१ पासून बेलग्रेडच्या चौकात काळे कपडे घालून बायका मुकाट्याने उभ्या राहू लागल्या. आमच्या नावाने हे युद्ध करू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. जाणारे-येणारे त्यांच्यावर थुंकत, त्यांना देशद्रोही म्हणत. मला विचाराल तर त्या काळातलं सर्बियाचं देशप्रेम तिथे, त्या मुक्या रांगेत उभं होतं.

स्वातंत्र्याची गोष्ट देशप्रेमाहून सरळ असेल, असं वाटतं. तसं नाही. एप्रिल १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी बाल्टिमोरच्या भाषणात एक दाखला दिला होता. मेंढपाळ लांडग्याच्या तावडीतून मेंढीचा गळा सोडवतो. मेंढी त्याला मुक्तिदाता म्हणते. लांडगा म्हणतो, याने माझ्या स्वातंत्र्यावर घाला घातला. आज जिथे कुठे स्वातंत्र्याच्या रक्षणाची आरोळी उठते, तिथे मी आधी आवाज कुणाच्या गळ्यातून येतोय ते बघतो. ज्या फ्रेंच क्रांतीने स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी जगाला दिली, त्याच फ्रान्सने १७९४ मध्ये रद्द केलेली गुलामगिरी १८०२ मध्ये नेपोलियनच्या हाताने पुन्हा लादली. हैतीच्या गुलामांनी फ्रान्सचेच शब्द खरे मानून लढा दिला आणि १ जानेवारी १८०४ ला आपला देश स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून त्यांच्याकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. भरपाई कसली, तर मालकांनी गमावलेल्या मालमत्तेची. त्या मालमत्तेत माणसंही होती. स्वतःच्या सुटकेचे पैसे सुटलेल्यांनी भरायचे, आणि तेही स्वातंत्र्याच्या माहेरघराला.

गुलामगिरीतून निसटलेले अमेरिकी नेते फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरमध्ये विचारलं होतं, की तुमच्या चार जुलैशी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाशी, गुलामाचा संबंध काय? जोतीराव फुल्यांचा सवाल त्याच जातकुळीचा होता. भट, शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सगळे शिकूनसवरून ‘एकमय लोक’ झाल्याशिवाय राष्ट्र होणार कसं, असं त्यांनी विचारलं. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी १८७३ मध्ये अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, हा काही नुसता शिष्टाचार नव्हता. दोघांनाही त्यांच्या काळातले देशाभिमानी लोक कटकटे समजत. आधी देश, मग तुमचं बघू, हा जबाब दोघांनाही ऐकावा लागला. बायकांनाही तो पिढ्यान् पिढ्या ऐकावा लागला आहे. ब्रिटनमध्ये १८७० पासून १९४८ पर्यंत परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या ब्रिटिश स्त्रीचं नागरिकत्वच सामान्यतः जात असे. ज्या देशासाठी तिने मुलगे रणांगणावर पाठवायचे तो देश तिचा होता तरी किती? पण डग्लस काय किंवा फुले काय, यांनी देशाकडे पाठ फिरवली नाही. त्याच भाषणात डग्लस यांनी अमेरिकेची राज्यघटना ही स्वातंत्र्याचीच सनद आहे असं सांगितलं आणि तिच्याच आधारावर देशाला जाब विचारला. नातं तोडलेला माणूस जाब विचारत नाही, तो निघून जातो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. शांततेच्या काळात हे सगळं ठीक. शत्रू दारात असताना लाज, जाब, कबुली हे चोचले परवडतात का?

नोव्हेंबर १९४१. लंडनवर बाँबफेक होऊन गेली होती, युरोपचा बहुतेक भाग हिटलरच्या ताब्यात होता. युद्धकाळातल्या एका नियमाखाली गृहमंत्र्यांनी एका माणसाला खटल्याविना डांबलं होतं. ‘वाजवी कारण’ असल्यास डांबता येईल असं नियमात होतं. ते कारण वाजवी आहे की नाही हे न्यायालयाने तपासायचं, की मंत्री म्हणाले म्हणजे झालं? हाउस ऑफ लॉर्ड्स हे तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय. तिथले पाचपैकी चार न्यायाधीश म्हणाले, मंत्र्यांचा शब्द पुरे. एकटे लॉर्ड अ‍ॅटकिन म्हणाले, शस्त्रांच्या खणखणाटातही या देशात कायदे मुके होत नाहीत. त्यांच्यावर सहकारी नाराज झाले. ब्रिटन युद्ध मात्र हरला नाही, आणि पुढे तिथल्या न्यायालयांनी अ‍ॅटकिन यांचंच म्हणणं बरोबर मानलं.

२८ एप्रिल १९७६ ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशाच प्रश्नावर निकाल दिला. आणीबाणीत डांबलेल्या माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येईल का? सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारलं होतं, की उद्या एखाद्या अधिकाऱ्याने बेकायदा कुणाचा जीवच घेतला तर? आणीबाणी आहे तोवर त्यावरही दाद मागता येणार नाही, असं उत्तर मिळालं. इथेही निकाल चार विरुद्ध एक लागला आणि तो एक म्हणजे खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं गेलं. त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला. त्या चौघांचं देशप्रेम कमी होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी सरकारची लाज राखली, एवढंच.

भीतीच्या काळात स्वातंत्र्यावर काही मर्यादा येतात हे मी मान्य करतो. अंधारबंदी पाळावी लागते, सैन्याच्या हालचाली छापता येत नाहीत. पण ‘किती दिवस’ आणि ‘कोण तपासणार’ हे दोन प्रश्न ज्या क्षणी देशद्रोह ठरतात, त्या क्षणी राखायचं ते स्वातंत्र्य राहिलेलं नसतं, राखायची असते ती खुर्ची. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेत राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींनी न्यायाधीशांना सांगितलं, की प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही, की कायद्याने त्याचं नियमनही करता येत नाही. परक्या सरकारला सुनावलेलं हे वाक्य आपल्या सरकारला कमी लागू होतं, असं समजायला मला काही आधार दिसत नाही.

लाजेबद्दल मात्र एक गोष्ट जपून बोलली पाहिजे. ज्या समाजांवर दुसऱ्यांनी राज्य केलं, त्यांना लाज शिकवणं हा राज्य करण्याचाच एक मार्ग होता. तुमची भाषा गावंढळ, तुमचे देव रानटी, तुमचा वर्ण हलका. अशा समाजातला माणूस ताठ मानेने ‘हे माझं आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या अभिमानाला मी नाक मुरडणार नाही. स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हणण्यात जी ताकद होती ती याच ताठ मानेची. मी ज्या लाजेबद्दल बोलतो आहे ती ‘आपण कोण आहोत’ याची नव्हे, ‘आपण काय केलं’ याची. पहिली लाज माणसाला वाकवते आणि ती लादणाराच सोयीस्करपणे वापरतो. दुसरी वाटायला पाठीचा कणा लागतो. दुबळ्या, सतत दुखावलेल्या अभिमानाला ती झेपत नाही, म्हणूनच तो इतक्या चटकन अंगावर धावून येतो. आणि हेही खरं, की छळ सोसलेला समाज सत्तेवर आला की कालच्या छळाचा दाखला आजच्या जुलमावर पांघरूण म्हणून घालू लागतो. त्या पांघरुणाखाली काय काय झाकलं जातं ते गेल्या शतकाने भरपूर दाखवलं आहे.

मला आणखी एकच घटना सांगायची आहे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. देशद्रोहाचा पुरावा कुणाविरुद्धच मांडला गेला नव्हता. १९४३ मध्ये याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, युद्ध ऐन भरात असताना, शाळेतल्या मुलांवर झेंड्याला वंदन करण्याची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला. तेच न्यायालय १९४४ मध्ये या हद्दपारीपुढे मात्र सहा विरुद्ध तीन मतांनी झुकलं. आणि त्याच छावण्यांतून तरुण पोरं सैन्यात भरती झाली. त्यांची ४४२ वी रेजिमेंट इटलीत आणि फ्रान्समध्ये अशी लढली, की तेवढ्या आकाराच्या तुकडीला तेवढी पदकं अमेरिकेच्या इतिहासात क्वचितच मिळाली असतील. आईबाप तारांच्या आत, मुलगा आघाडीवर. १९४५ च्या डिसेंबरात अशाच एका मृत जवानाचं शौर्यपदक त्याच्या बहिणीच्या हाती देण्यात आलं. ती आपल्या घरी परतली तेव्हा गावगुंडांनी तिला धमकावलं होतं. त्या दिवशीच्या कार्यक्रमात सैन्यातला एक तरुण अधिकारी, मूळचा नट, दोन शब्द बोलला. समुद्रकाठच्या वाळूत मुरलेल्या रक्ताचा रंग एकच असतो, असं तो म्हणाला. त्याचं नाव रॉनल्ड रेगन.

१० ऑगस्ट १९८८ ला राष्ट्राध्यक्ष म्हणून रेगन यांनीच त्या छावण्यांबद्दल माफी मागणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यात कारणं स्वच्छ लिहिलेली आहेत. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. सहीच्या दिवशी हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर आणि माफीचं पत्र मिळायचं होतं. पुष्कळ जण तोवर वारले होते. ऑक्टोबर १९९० मध्ये वॉशिंग्टनला पहिले धनादेश दिले गेले, ते सगळ्यांत वयोवृद्धांना. काही जण शंभरी ओलांडलेले, चाकाच्या खुर्चीत बसून आले होते. अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल त्यांच्यासमोर आले आणि धनादेश हातात देण्यासाठी गुडघ्यांवर बसले.